चार बोटं

जिल्हा परिषदेच्या शाळेत, सातवीच्या वर्गात
मी मशीन मांडलं. खिडक्यांना रजया लावल्या,
तरी हातपंपाचा दांडा आत येतच होता.
यादीत हिरव्या शाईनं:
क्रमांक अकरा. झिंगरूजी भोयर, वय एकसष्ट,
जिनिंगमध्ये रेच्यावर एकतीस हंगाम.

"हेडफोन लावते. आवाज आला की बटन दाबा."
"अन् नाई आला त?"
"नाही दाबायचं."
ते हसले. एवढं सोपं काम
त्यांना आजवर कुणी दिलं नसावं.

अडीचशे हर्ट्झ. दाबलं.
पाचशे. दाबलं.
हजार. दाबलं, जरा उशिरा.
दोन हजारला मान तिरपी झाली.
चार हजारला
वर्गात नुसता हातपंप.
मी वाढवत गेले, पन्नास डेसिबल, साठ.
अंगठा बटनावर तसाच,
अर्धवट उमललेल्या बोंडावर टेकल्यासारखा.

मग हातपंप थांबला आणि त्यांनी बटन दाबलं.
तेव्हा मी काहीच वाजवलं नव्हतं.

आलेखात खड्डा पडला. त्याच्याकडं बघत विचारलं त्यांनी,
"हर्ट्झ म्हंजे का असते, बाई?"

पिंजाऱ्याची तांत आठवते? गादी पिंजताना थरथरायची?
एका सेकंदात किती वेळा थरथरली, ती वारंवारता.
थरथरताना जागेवरून किती सरकली, तो आयाम.
वारंवारतेनं आवाज बारीक नाहीतर जाड होतो,
आयामानं लहान नाहीतर मोठा.

"अन् थो इथवर येते कसा? हवा येते का चालत?"

हवा नाही येत. स्लॅबच्या दिवशी घमेली कशी चढतात वर?
माणसं आपल्या जागी, जरा पुढं झुकतात, मागं होतात,
घमेलं तेवढं पुढं जातं.

"हो," ते म्हणाले, "अन् मधातला एकजण
चहा प्याले गेला, त..."
वाक्य त्यांनी तिथंच ठेवलं.
कानातल्या त्या बारीक पेशींचं
मला जे सांगायचं होतं, ते एवढंच होतं.
तिथं दुबार पेरणी नसते, हे मी बोलले नाही.

वीस हर्ट्झ ते वीस हजार, एवढं माणसाचं शेत.
धुऱ्यापलीकडं कुत्र्याचं, त्याच्याही पलीकडं
कौलाखालच्या बारक्या वटवाघळांचं.
वीसची एक लाट सतरा मीटर,
इथून हातपंपापर्यंत एकच.
वीस हजारची बोटाच्या पेराहून आखूड.
"अन् माह्यी? जे गेली थे?"
मी चार बोटं जोडून दाखवली.

दारातून सारजाबाई म्हणाल्या,
"म्या सांबार आना म्हटलं त हे आंबाडी घेऊन आले.
मले वाटलं मुद्दाम करतेत."
स गेला की सांबाराचं एवढंच उरतं.

"कान बरे हायेत माहे," झिंगरूजी म्हणाले.
"रातकिडे तेवढे नाई राह्यले आता गावात.
फवारणीनं मेले. आठ वर्सं झाली.
साऱ्यायले सांगत असतो मी."

सारजाबाईंनी माझ्याकडं पाहिलं,
मग भिंतीवरच्या बाराखडीकडं तोंड करून
अगदी लहान आयामात म्हणाल्या,
"रोज रातभर वरडतेत."

चार हजार, साडेचार हजार.
रातकिडा साधारण तिथंच बोलतो.
मी कागदावर सही केली, शिक्का मारला,
सांगायचं की नाही ते ठरेना.
पण ते माझ्याकडं बघतच नव्हते.
बायकोच्या ओठांकडं बघत होते,
आपली चार बोटं जोडून, उजेडात धरून.

"एवढूशीच?"
"एवढीच."

खुर्ची मागं सरकवून उठले.
"आज सांजच्याले सुरू झाले का
सांगजो मले," बायकोला म्हणाले.
ती "हो" म्हणायला गेली,
मग थांबून तिनं मान हलवली.

बाहेर हातपंप पुन्हा सुरू.
मी क्रमांक बाराला हाक मारली,
गरजेपेक्षा जरा मोठ्यानंच.